वाढत्या मापाची पिशवी

बायकोला मी स्वतःच्या हातानं शिवलेल्या पिशवीत घालून बर्फात झोपायला पाठवलं होतं. हे वाक्य मी कुठल्याही बैठकीत टाकलं की चार माणसं चहाचा कप खाली ठेवतात. ठेवावाच. पुढचं ऐकताना हात मोकळे असलेले बरे.

माझ्या बोलण्याबद्दल मात्र आधीच सांगून टाकतो. मी यवतमाळकडचा. आमच्याकडे वाघ सांगायचा तर तो निदान बैलगाडीएवढा सांगावा लागतो, नाहीतर ऐकणारा उठून जातो. बायको पुण्याची, पेठेतली, शाळेत गणित शिकवणारी. तिच्या माहेरी वाघ दिसला तर "मांजर होतं, जरा थोराड" एवढंच सांगायची रीत. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिनं माझ्या मित्रांना फराळ वाढता वाढता सांगून ठेवलं, "यांच्या बोलण्याला वाढतं माप असतं. दोन्ही बाजूंनी दुमडून घ्यायचं." तेव्हापासून माझे मित्र माझं बोलणं दुमडूनच घेतात. तुम्हीही घ्या. पण एका जागी दुमडू नका, ती जागा आली की तुम्हाला कळेल.

तेव्हा आम्ही पुण्याबाहेर मांजरी गावात राहायला गेलो होतो. हडपसरला आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मी टेस्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. असला धंदा विदर्भातल्या माणसाला स्वर्गच. आमची बिल्डिंग नवी कोरी होती आणि तिच्या तिन्ही बाजूंना ऊस. हिवाळ्यात तोड सुरू झाली की लोक पाचट पेटवायचे. दूर कुठंतरी तडतड व्हायची, आकाश तांबूस व्हायचं आणि थोड्या वेळानं काळ्या राखेच्या चिंध्या अलगद गॅलरीत उतरायच्या. एका चिंधीखाली आमचं कुंडीतलं जास्वंद दबून मेलं, असं मी ऑफिसात सांगायचो. जास्वंद मेलं होतं हे खरं आहे.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी माय. मायनं गाव सोडताना शेत, भांडी, नातेवाईक सगळं सोडलं, पण पायानं चालवायचं शिलाई मशीन ट्रकमध्ये स्वतःच्या शेजारी बसवून आणलं. त्या मशीनवर तिनं मला शाळेची पहिली चड्डी शिवली होती, ती मी मॅट्रिकपर्यंत घातली. कारण माय जे शिवणार ते वाढत्या अंगाचं. माप घेतलं की वर चार बोटं, आणि शिवणीत आत दुमडलेलं जादा कापड, म्हणजे माया, आणखी चार बोटं. आमच्या घरात कुणाला अंगासरशी बसलेला कपडा कधी मिळालाच नाही. कपड्यात माणूस असायचा आणि माणसाभोवती हवा.

मायची आणखी एक रीत होती. अंगावर घातलेला कपडा शिवायचा नाही. एकदा सकाळी कंपनीची बस खाली हॉर्न मारत होती आणि माझ्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटलं. शर्ट काढायला वेळ नव्हता. माय सुई घेऊन आली, पण टाका घालण्याआधी तिनं काड्यापेटीतली एक काडी काढून माझ्या दातांत दिली.

"धर. सोडू नको."

"आई, हे कशाला?" बायकोनं डबा भरता भरता विचारलं.

"अंगावर शिवते ते फक्त मेलेल्याचं, सूनबाई. त्याले सजवून काढतेत तवा. जित्या माणसाले अंगावर शिवाचं असन तं तोंडात काडी धराव लागते. मंग समजते त्याले."

"कोणाला?"

मायनं सुईत दोरा ओवला.

"म्हणजे यम येतो, काडी बघतो आणि परत जातो," बायको म्हणाली. "आमच्या मुख्याध्यापकांना पण एक काडी देऊन बघते."

मी हसलो, काडी पडली, मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि नवी काडी दिली. बस चुकली ती चुकलीच.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी बायको वह्या तपासता तपासता म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत मी हिमाचलात जातेय. शाळेतल्या दोघी आहेत. बर्फात तंबूत राहायचंय." मंडईत जाऊन येते म्हणावं तसं म्हणाली. सिंहगडापलीकडे ती कधी चढली नव्हती, आणि सिंहगडही दह्यासाठी. पण तिनं ठरवलं होतं, आणि पेठेतल्या माणसानं ठरवलं की पेठ एक वेळ हलेल.

"झोपायला काय?" मी विचारलं.

"पिशव्या असतात जाड, आत शिरायचं. तिथं भाड्यानं मिळतात."

"भाड्याची पिशवी!" मी उठूनच उभा राहिलो. "त्यात कोण कोण झोपून गेलं असेल! गढवालपासून लडाखपर्यंतच्या तमाम पायांचा वास त्यात मुरलेला असेल. मी शिवतो तुला पिशवी."

बायकोचं लाल पेन वहीवरच थांबलं. ऊससुद्धा ऐकत होता.

"तुम्ही?"

"मी."

"तुम्हाला उशीला अभ्रा घालता येत नाही. उशी आत जाते आणि तुम्ही बाहेर राहता हेच नशीब."

एवढं म्हणून ती पुन्हा वह्यांत घुसली. "नको" मात्र म्हणाली नाही, आणि तेवढं मला पुरलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी पिशवी शिवायला घेतल्याचं सांगितलं. जेवण संपेपर्यंत ती शिवून झाली होती, आणि ताक येईपर्यंत सैन्यानं तिच्यासाठी माझ्याकडे विचारणा केली होती. आता शिवणं भाग होतं.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या एका गृहस्थाची वेबसाइट सापडली. तो स्वतःच्या पिशव्या, तंबू, जाकिटं घरी शिवायचा आणि मापं फुकट द्यायचा. पिशवीचा आराखडा मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापला, कागद चिकटवून हॉलभर पसरला. डोक्याशी गोल टोपी, खांद्याशी रुंद, पुढे निमुळती होत पायांशी अगदी चिंचोळी. खाली त्यानं बजावलं होतं की पिशवी अंगाला लागून बसली पाहिजे. अमेरिकन माणूस, कापड वाचवत असेल, असं मला वाटलं.

कापड बोहरी आळीत मिळालं. पॅराशूटचं कापड म्हणतात ते, नायलॉनचं, बाहेरून गडद निळं आणि आतून काळं. दुकानदारानं विचारलं, "कशाला हवंय?" मी म्हणालो, "बायकोला हिमालयात पाठवायचीये." त्यानं कापड फाडता फाडता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग जरा मजबूत देतो." आत भरायला गादीवाल्याकडून पॉलिस्टरचा कापूस आणला. तो रिक्षात मावेना. रिक्षावाला, मी आणि कापूस यांतला सर्वांत मोठा प्रवासी कापूस होता.

शिवायला बसलो आणि कळलं की नायलॉन हे कापड नसून मासा आहे. मशीनच्या पायाखालून ते सुळकन निसटायचं. वरचा थर पुढे, खालचा मागे, आणि मधला कापूस वाटेल तिकडे. टीप मारली की सगळं गोळा होऊन सुरकुतायचं. सुया मोडल्या. किती मोडल्या ते सांगत नाही, तुम्ही दुमडून घ्याल. कापलेल्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून त्या जळत्या टोकानं भाजायच्या असतात. मेणबत्तीनं एक कोपरा पेटला, म्हणून मायनं उदबत्ती दिली. मग मी रोज संध्याकाळी हॉलमध्ये मांडी घालून बसायचो आणि उदबत्तीच्या निखाऱ्यानं काळं-निळं कापड कडेकडेनं भाजायचो. जळक्या नायलॉनचा आणि उदबत्तीचा एकत्र वास घरभर भरायचा. समोरच्या वहिनी एकदा दारात येऊन हळूच विचारून गेल्या, "तुमच्याकडे कुणी... सगळं ठीक आहे ना?"

पहिला आकार उभा राहिला तो एका रविवारी. तेव्हा नुसता टाचला होता. मी तो हॉलमध्ये आडवा घातला आणि चार पावलं मागे सरून पाहिलं. झकास! खांदे, कंबर, पाय, वर डोक्याची टोपी. आत कुणी नसून झोपलेलं माणूस वाटत होतं. खिडकीतून उसाच्या राखेची एक चिंधी आली आणि नेमकी टोपीत जाऊन बसली.

माय स्वयंपाकघरातून आली ती उंबऱ्यातच थबकली.

"हे काय करून राहिला बापा? हे तं तिरडीवर बांधल्यावाणी दिसते."

"माय, असाच आकार असतो त्याचा. ममी म्हणतात याला."

"ममी म्हंजे?"

"ते इजिप्तचे राजे मेल्यावर त्यांना गुंडाळून..." इथं मी जीभ चावली, पण वेळ गेली होती.

मायनं टोपीतली राख चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकली, हात धुतले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. इतक्या हळू आवाजात ती एरवी बोलत नसे. "जित्या माणसाले मेल्याच्या मापात नाही शिवत रे. लेकरू बर्फात चाललं आपलं. दोन्हीकून वीतभर वाढव. पायाले मोकळं कर. माणसाच्या आकाराचं दिसलं नाही पायजे."

खरं सांगतो, आता तो आकार मलाही बघवत नव्हता. आणि वाढवायचं तर आमच्या रक्तातच होतं. मी टाके उसवले, दोन्हीकडून वीतभर वाढवलं आणि पायाकडची निमुळती बाजू सरळ केली. उरलेल्या कापडात स्वतःसाठीही तशीच एक बेतून शिवली. पिशवी पुरी झाली तेव्हा ती कुठल्याच माणसासारखी दिसत नव्हती. गव्हाचं पोतं दिसत होती. मायनं तिच्यावरून हात फिरवला आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बायकोनं पिशवी तपासली. शिलाई ओढून पाहिली, चेन खालीवर केली, मग फरशीवर पसरून आत शिरली. वर पंखा चालू होता. ती या कुशीवरून त्या कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, हात डोक्याखाली घेतले.

"ऐसपैस आहे," ती म्हणाली.

"मग!"

"चांगली आहे हो."

माझ्या संसारात एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला आधी कधी मिळालं नव्हतं. मी ती पिशवी ओढून पाहिली, बादलीत बुडवून पाहिली, तिच्यावर उड्या मारल्या. टेस्टरच ना मी! थंडीची चाचणी तेवढी राहिली, कारण पुण्यात थंडी आणायची कुठून? आमच्या धंद्यात याला नाव नाही, पण रीत पक्की आहे: माल आधी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, मग काय होतं ते बघायचं.

निघायच्या दिवशी मायनं सुईला नायलॉनचा लांब दोरा गुंडाळला आणि पिशवीच्या आतल्या खिशात टोचून ठेवला. "उसवलं-बिसवलं तं."

"यांनी शिवलंय म्हणजे उसवणारच," बायको म्हणाली. "राहू द्या, आई."

स्टेशनावर गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "गॅस बंद करत जा." संपलं. आमच्याकडे एवढ्यात चार बाया रडल्या असत्या.

तीन-चार दिवसांनी तिचा फोन आला. डोंगराखालच्या गावात पोचली होती, उद्या वर जाणार होती, आणि तिथून पुढे फोन लागत नाही. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की ती एव्हरेस्टच्या अलीकडे आहे, म्हणजे तसं पाहिलं तर सगळेच एव्हरेस्टच्या अलीकडे असतात. त्याच खुशीत मी त्या अमेरिकन गृहस्थाला पिशवीचे फोटो पाठवले. आत माझी बायको, वर पंखा, शेजारी अभिमानानं बसलेला मी.

त्याचं उत्तर तीन दिवसांनी दुपारी आलं. मी ते जेवणाच्या आधी उघडलं आणि जेवलो नाही. फारच सभ्य माणूस. टीप सरळ आहे म्हणाला, रंग छान म्हणाला. मग विचारलं, ही दोघांसाठी केली आहे का? पुढे लिहिलं होतं की एकट्यासाठी असेल तर कृपा करून थंडीत वापरू नका. पिशवी ऊब तयार करत नाही, अंग करतं. आत रिकामी हवा जितकी जास्त, तितकी ती तापवता तापवता अंग दमतं, आणि बर्फात अंग दमलं की...

पुढचं वाक्य त्यानं अर्धवट सोडलं होतं. मी आयुष्यात खूप गोष्टी वाढवून सांगितल्या, पण एवढं भीतीदायक मला काही सांगता आलं नाही.

मी घरी आलो आणि माझी पिशवी उचलली. आमच्या खालच्या मजल्यावर एक शेजारी राहायचे, सोलापूर रस्त्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. लग्नसराईचा गोठवलेला मटार तिथं पोत्यांनी भरलेला असायचा. त्यांना मी काय हवंय ते सांगितलं.

"झोपायचंय? मटारात?"

"थोडा वेळ."

"वैनी गावाला गेल्या म्हनून एवढं का करून घेताय सायेब? या की आमच्याकडं जेवायला."

पण माझं तोंड पाहून ते गाडी घेऊन निघाले. भर दुपारी उन्हातून आम्ही त्या खोलीत शिरलो. जाड दार मागे धप्पकन लागलं. भिंतींवर बर्फाचा पांढरा थर, छताशी घरघरणारे पंखे, आणि रांगेनं रचलेली पोती, तीही माणसं आडवी घातल्यासारखी. मी दोन रांगांच्या मध्ये पिशवी पसरली, आत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली.

पहिली काही मिनिटं मजेत गेली. मग पायांकडून आली. उसाच्या सरीत पाटाचं पाणी सोडावं तशी थंडी हळूहळू सरकत आली. मी कुशीवर वळलो की पिशवीतली हवाही वळायची आणि मागून पाठीला गार हात लावायची. पोटाशी गुडघे घेतले तर पायांजवळ केवढी तरी मोकळी जागा उरली, आणि त्या जागेत कुणीतरी शेजारी निजल्यासारखं गार वाटायला लागलं. माझे दात वाजू लागले. शपथ घेऊन सांगतो, पलीकडच्या पोत्यांतला मटार मला ऐकू येत होता, की ते माझेच दात होते, कोण जाणे. मी स्वेटरमध्ये होतो, धडधाकट होतो, आणि दारापलीकडे पुण्याचं ऊन होतं. ती कुठं होती?

"सुतळी आणा," मी ओरडलो.

"आँ?"

"पोत्यांची सुतळी. मला बांधा. पायापासून वर, घट्ट!"

शेजाऱ्यांनी बांधलं. घोटे, गुडघे, कंबर, छाती. पिशवीची फालतू वीत वीत अंगावर दुमडली आणि सुतळी आवळली. मग मी डोळे मिटून वाट पाहत पडलो. हळूहळू, कुणीतरी आत कोळसा फुंकावा तशी पोटातून ऊब धरायला लागली आणि पायांपर्यंत गेली. दात थांबले.

"झालं! एवढंच करायचं होतं," मी म्हणालो. "कसा दिसतोय?"

मी डोळे उघडले. शेजारी दोन पावलं मागे सरले होते आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"काय झालं?"

"काय न्हाय सायेब. उठा आता. लई वेळ झाला."

संध्याकाळभर मी त्या डोंगराखालच्या गावात फोन लावत होतो. अखेर लागला. तिकडचा माणूस तारेतून ओरडून म्हणाला, "मॅडम लोग ऊपर हैं साहब. मौसम खराब है. दो दिन से कोई नीचे नहीं आया." मी म्हणालो, निरोप द्या, तिला म्हणावं स्वतःला बांधून घे. पिशवी दोरीनं बांधून घे, पायापासून! तो म्हणाला, "साहब, आप कौन बोल रहे हैं?" आणि लाइन गेली.

मागे वळलो तर माय उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पायाशी पडलेल्या माझ्या पिशवीवर सुतळीचे वळ अजून होते. तिनं ते पाहिले. मशीनवर चादर टाकली आणि देवापुढे जाऊन बसली. पुढचे दिवस आमच्या घरात कुणी काही शिवलं नाही, फाडलं नाही. तिकडे उसाचं उभं रान पेटायचं आणि राख येत राहायची. माय ती झाडायचीही नाही. ऑफिसात मी आवाज चढवून बोलायचो. बायको बर्फात क्रिकेट खेळतेय, असं सांगायचो. लोक हसायचे. फोन वाजला की मी हात लावायच्या आधी खुर्चीवर बसून घ्यायचो.

फोन आला तो शाळेतल्या दोघींपैकी एकीचा. सगळे उतरलो, म्हणाली, अमक्या गाडीनं येतोय. मी विचारलं, ती कशी आहे? "आहेत ना, इथंच आहेत, बोलायला कंटाळल्यात," म्हणाली आणि घाईनं फोन ठेवला. ती स्वतः का बोलली नाही, हे मी आणि मायनं दोन दिवस एकमेकांना विचारलं नाही.

गाडी आली. शाळेतल्या दोघी उतरल्या. त्यांच्यामागे कुणी नाही. मग हमाल, मग एक लग्नाचं वऱ्हाड, आणि सगळ्यांच्या मागून, घाई कशाची अशा चालीनं, बायको. नाकाचं टोक काळवंडलेलं. पाठीवर बोजा. मी धावलो. ती म्हणाली, "गॅस बंद केलात का?"

घरी तिनं चहाचा कप दोन्ही तळहातांनी धरला, बोटांनी नाही. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती.

"काय झालं गं?" मी म्हणालो.

"थंडी होती."

"आणि पिशवी?"

तिनं चहाचा घोट घेतला. "ऐसपैस."

एवढंच. त्यानंतर तिनं त्याबद्दल कधीही काही सांगितलेलं नाही. मी त्या रात्रीच्या डझनभर गोष्टी रचल्यात, एकीत अस्वलही आहे, आणि त्या मी चवीनं सांगतो. पण मघाशी म्हणालो ती जागा ही. इथं दुमडू नका.

ती झोपल्यावर मी आणि मायनं पिशवी हॉलमध्ये उलगडली. एका बाजूनं, पायापासून गळ्यापर्यंत, फालतू कापड आत दुमडून हातानं शिवलेलं होतं. मायनंच दिलेल्या दोऱ्यानं. पिशवी पुन्हा पहिल्या आकाराची झाली होती. खांदे, कंबर, निमुळते पाय.

गुडघे टेकून मी त्या शिलाईवरून बोट फिरवत गेलो. पायाशी दुहेरी गाठ, आणि मग बारीक, सारखे, सरळ टाके. फळ्यावर पट्टी धरून ओढलेल्या रेघेसारखे. हे तिचंच काम होतं. गणित तिला तिथंच, आत पडल्या पडल्या सुटलं असणार. आत हवा जास्त आहे, कमी करायची. गुडघ्यांपाशी टाके लांब झाले. कंबरेशी कलले. पोटाच्या वर सुई मिळेल तिथून घुसली होती, दोन-तीन टाके कापड सोडूनच गेलेले, एका जागी तपकिरी सुकलेला ठिपका. ती सुई बोटात गेलेली तिला कळली नसावी, कारण पुढचा टाका त्याच हातानं घातला होता. आणि खांद्याशी, अगदी शेवटच्या टाक्यांत, हिरव्या लोकरीचे तुकडे अडकले होते. तिच्या स्वेटरचे. शेवटी शेवटी तिनं स्वतःलाच पिशवीला शिवून घेतलं होतं. दोरा कापला नव्हता, दातांनी तोडला होता.

माय लोकरीकडे बघत राहिली. मग तिनं टोपीत हात घालून चाचपलं आणि काहीतरी बाहेर काढलं. काड्यापेटीतली काडी होती. गुल मोडलेला, आणि दोन्ही टोकांना चावून चावून चपटी झालेली.

सकाळी मायनं ती काडी बायकोच्या बशीशेजारी ठेवली. "सूनबाई, काडी धरली होती?"

बायकोनं काडीकडे पाहिलं, मग चहात साखर घातली. "तोंड मोकळं होतं," ती म्हणाली.

बोटं वाचली. पण त्या दोन बोटांच्या टोकांना काही कळत नाही. खडू धरलाय की सुटलाय, हे ती डोळ्यांनी बघते. पिशवीची शिलाई मी मशीनवर नीट करून देतो म्हणालो तर म्हणाली, "हात लावू नका." मीही लावला नाही.

माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मशीन आहे. माझी बटणं अजून बस यायच्या वेळीच तुटतात. मग बायको सुई घेऊन येते, आणि काही बोलायच्या आधी काड्यापेटीतली एक काडी काढून माझ्या दातांत देते. का, ते मी विचारत नाही. ती शर्ट चिमटीत धरून टाका घालते. सुईचं टोक माझ्या छातीपासून किती लांब आहे, हे तिच्या बोटांना कळत नाही. मी काडी घट्ट धरून उभा राहतो.